पट दोन, हजर दोन

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस,
वाईच्या एका निवृत्त महसूल कर्मचाऱ्याकडून.

महोदय,

आपल्या टपालात रोज जमणाऱ्या अर्ज-विनंत्यांच्या ढिगात आणखी एका कागदाची भर घालताना मला संकोच वाटतो. कारण छत्तीस वर्षे महसूल खात्यात काढून, कारकुनाच्या मेजापासून नायब तहसीलदाराच्या खुर्चीपर्यंत पोहोचून मी निवृत्त झालो असल्यामुळे, अशा कागदावर आवक क्रमांक कसा पडतो, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन तो एका मेजावरून दुसऱ्या मेजावर कसा उतरत जातो आणि अखेर कोणत्या रुमालात बांधला जाऊन निवांत होतो, हे मला, ते सारे मी स्वहस्ते केलेले असल्याने, पुरते ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र पाकिटात न घालता उघडे लिहीत आहे. आपण ते वाचले तर उत्तमच. न वाचले तरी, ज्याच्या घरातले एक माणूस रोज थोडेथोडे विसरत चालले आहे अशा कोणा गृहस्थाच्या नजरेस ते पडले, तर माझे काम झाले.

आमच्या कुटुंबास, म्हणजे माझ्या पत्नीस, गेली पाच वर्षे स्मृतिभ्रंश जडला आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतून चौतीस वर्षे त्यांनी पहिली ते चौथीची मुले शिकविली, त्यामुळे निम्मा तालुका त्यांना 'बाई' म्हणतो, आणि लग्नानंतर दोन-चार वर्षांतच मीही तसेच म्हणू लागलो. बाईंचे वय आज ७८ आहे. ज्या गावात बसून विद्वानांनी मराठी विश्वकोशाचे वीस खंड सिद्ध केले, त्याच गावात, त्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, बाईंच्या मनातील कोशाची पाने एकेक करून सुटत आहेत. योगायोग म्हणावा आणि सोडून द्यावा.

'स्मृतिभ्रंश' हा शब्द मूळचा गीतेतला. दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून सुरू होणारी जी उतरंड सांगितली आहे, तीत स्मृती गेली की बुद्धी जाते आणि बुद्धी गेली की माणूसच नाहीसा होतो. तेथे प्रकरण विषयासक्त पुरुषाचे आहे, आजारी माणसाचे नाही. परंतु शब्दाबरोबर त्याची उतरंडही लोकांच्या मनात येऊन बसली असावी, कारण निदान कानावर पडल्याबरोबर भेटीस येणारी मंडळी बाईंच्या देखत बाईंविषयी भूतकाळी क्रियापदे वापरू लागली. 'बाई किती छान शिकवायच्या.' 'बाईंचं अक्षर काय सुंदर होतं.' बाई समोरच बसून बशीत चहा ओतून घेत असत.

निदानासाठी आम्ही पुण्यास गेलो होतो. तेथे जी तीस गुणांची परीक्षा घेतात ती १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली असून, साल कोणते, ऋतू कोणता, महिना, तारीख, वार कोणता इथपासून, तीन शब्द ऐकून थोड्या वेळाने पुन्हा म्हणणे, शंभरातून सात-सात वजा करीत जाणे, अशा तिच्या पायऱ्या आहेत. बाईंचा जन्म परीक्षा घेण्यात गेलेला. समोरचा तरुण डॉक्टर म्हणजे शाळा तपासणीस आलेले साहेब, अशी त्यांची समजूत झाली आणि पदर सावरून त्या ताठ बसल्या. 'आजी, आज तारीख काय?' या प्रश्नावर किंचित नाराजीने त्या म्हणाल्या, 'फळ्यावर लिहिलीय की. वाचा.' डॉक्टरांनी नकळत मागे वळून भिंतीकडे पाहिले. मग बाईंनीच विचारले, 'तुमच्याकडे पट किती?' मी पट म्हणजे काय याचा खुलासा केला, तेव्हा बाहेरच्या बाकांकडे नजर टाकून ते सद्गृहस्थ म्हणाले, 'आज चाळीसेक आहेत.' 'चाळीस! आणि एकशिक्षकी?' असे म्हणून बाई मनापासून हळहळल्या. गुण पडले तीसपैकी चौदा.

त्या परीक्षेस मी नावे ठेवीत नाही. तशा तपासणीवाचून रोग कळत नाही, आणि रोग न कळलेल्या घरांत म्हातारीला हट्टी, लबाड किंवा झपाटलेली ठरविले जाते, हेही मी पाहिले आहे. दूषण द्यावयाचे ते मला स्वतःला. कारण ती परीक्षा मी पुण्याहून घरी घेऊन आलो. जन्मभर ज्याने नोंदीवाचून कशावर विश्वास ठेवला नाही, फेरफार मंजूर होऊन सातबारावर अंमल चढेपर्यंत बापाच्या मरणालाही जो मरण मानीत नाही, अशा खात्यात मुरलेल्या माणसास वाटले की रोज सराव करून घेतला तर झिजलेली अक्षरे पुन्हा ठळक करता येतील. सकाळी दूध येण्यापूर्वी माझे सुरू होई: आज वार कोणता? आपल्या मुलीचे नाव काय? ती कोठे असते? उत्तर चुकले की मी ते दुरुस्त करी. बाई पुष्कळ दिवस सोसत राहिल्या, आणि एका सकाळी, चौतीस वर्षे जी गोष्ट त्यांनी कोणाही मुलाच्या वाट्यास येऊ दिली नव्हती ती स्वतःच्या वाट्यास आल्यासारख्या, कोपऱ्यात तोंड करून उभ्या राहिल्या.

सायंकाळची कथा याहून कठीण. दिवे लागण्याच्या वेळी बाईंना घरी जावयाचे असते. पिशवीत दोन टॉवेल, फणी आणि भिंतीवरचे कॅलेंडर भरून त्या दाराशी येतात. हे घर त्यांचेच असून त्यात त्या पन्नास वर्षे राहत आहेत हे सांगून उपयोग नसतो, कारण त्यांचे घर जावळीच्या खोऱ्यात आहे. आणि ते गाव, महोदय, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. १९६२ च्या सुमारास पाणी चढू लागले तेव्हा बाई पंधरा वर्षांच्या होत्या. दैवयोगाने पुढे चार वर्षे मी पुनर्वसन शाखेत होतो, तेव्हा त्या गावाचे कागद माझ्या हाताखालून गेलेले आहेत. किती क्षेत्र बुडीत, किती घरांस मोबदला, कोणते खातेदार कोठे हलविले, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो, आणि दुर्दैव असे की मी ते सांगत असे. 'बाई, गाव पाण्यात गेलं. आई पण गेल्या.' त्या थरथरत विचारीत, 'कधी? मला कोणी कळवलं नाही!' दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस पुन्हा पिशवी, पुन्हा तेच सत्यकथन, पुन्हा नवे सुतक. खरे सांगणे हे कर्तव्य, या एका आधारावर मी त्यांच्या आईला किती वेळा मारले याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

श्रावणातल्या एका संध्याकाळी वीज गेली होती, पाऊस लागून राहिला होता, आणि खरे बोलण्याइतकी शक्ती माझ्या अंगात उरली नव्हती. बाई पिशवी घेऊन आल्या तेव्हा मी म्हणालो, 'चला. पण वाट तुम्ही दाखवा, मला ठाऊक नाही.' त्या माझा हात धरून ओसरीवर आल्या आणि अंधाराकडे बोट करून वाट सांगू लागल्या. हा पाटलांचा वाडा, इथून उजवीकडे. ही देवराई, इथे मोठ्याने बोलायचे नाही. मी आवाज खाली आणला. पुढे करवंदीची जाळी, मग उतार, मग ओढा. 'चपला काढा, पाणी आहे.' मी चपला काढून हातात घेतल्या, धोतराचा सोगाही वर धरला, तेव्हा बाई खुदकन हसून म्हणाल्या, 'अहो, एवढं खोल नाही काही!'

ज्या जागेवर आज किती पुरुष पाणी आहे याचा मला अंदाज आहे, त्या जागी उभ्या राहून त्या हे म्हणत होत्या. आणि मी, ओसरीच्या कोरड्या फरशीवर अनवाणी उभा असलेला, कित्येक महिन्यांनी त्यांच्याबरोबर हसलो. पिशवी आपोआप खाली राहिली. दहा मिनिटांनी बाईंना ओढाही आठवत नव्हता आणि वीजही आली. पण त्या रात्री त्या दोन भाकऱ्या जेवल्या, जेवताना काहीबाही गुणगुणत राहिल्या आणि मला भाजी वाढताना 'भाऊसाहेब' म्हणाल्या. अलीकडे त्या मला बरेचदा गावचा तलाठी समजतात आणि अमक्याचा फेरफार का अडला म्हणून जाब विचारतात. निवृत्त झाल्यावरही दोन दर्जे खाली उतरविला जाणे नशिबी होते.

हसू येऊन गेले, हसण्याचे कारण पुसले गेले, आणि तरीही हसू मागे राहिले, हे कसे, हे कोडे मला माझ्या डॉक्टर पुतण्याने उलगडून सांगितले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काही संशोधकांनी अल्झायमरच्या १७ रुग्णांना आणि तितक्याच निरोगी माणसांना आधी दुःखद आणि नंतर आनंदाच्या चित्रफिती दाखविल्या. थोड्याच मिनिटांत त्यांत काय पाहिले हे रुग्णांना जवळजवळ सांगता येईना, परंतु पाहताना मनात जे उमटले होते ते अर्धा-अर्धा तास टिकून राहिले. हे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. घडलेल्या गोष्टीची नोंद धरणारा मेंदूतील हिप्पोकॅम्पस नामक भाग या रोगात आरंभीच झिजू लागतो. सुखदुःखाचा कारभार मात्र बराचसा दुसऱ्या भागांकडे आहे, आणि भाजी निवडणे, वेणी घालणे, सुंदर अक्षर काढणे या हातच्या सवयींचा आणखी तिसऱ्याच भागांकडे. एका दप्तराला वाळवी लागली म्हणून सारी कचेरी बसत नाही, असे मी माझ्या भाषेत समजून घेतले. पण पुतण्याच्या बोलण्याचा उत्तरार्ध मला फार लागला. दुःखही तसेच टिकते. म्हणजे इतक्या संध्याकाळी मी आईच्या मरणाची जी वार्ता देत आलो, ती विसरूनही बाई त्या रात्रींना कशासाठी ते न कळता दुःखी निजत होत्या.

दप्तराचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एक सांगतो. ज्या डॉक्टरच्या नावाने हा रोग ओळखला जातो त्या आलॉइस अल्झायमरने १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या रुग्णालयात ५१ वर्षांच्या एका बाईची तपासणी करून हाताने टिपणे लिहिली. १९०६ साली ती वारली, त्याच वर्षी त्याने तिच्या मेंदूत जे दिसले ते विद्वानांपुढे मांडले, आणि तिचा तो कागद पुढे जो गहाळ झाला तो १९९५ साली फ्रँकफुर्टमधल्याच एका दप्तरखान्यात सापडला. नव्वद वर्षांनी कागद सापडणे याची थोरवी आमच्या खात्यातल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. त्यात एका जेवणाची नोंद आहे: बाई फुलकोबी आणि मांस खात होती, आणि काय खाता असे विचारल्यावर तिने पालक म्हणून सांगितले. उत्तर चूक, ते नोंदले गेले. ते जेवण तिला रुचत होते काय, हा प्रश्न मी वाचलेल्या उताऱ्यात मला आढळला नाही. अल्झायमरने विचारावयास हवा होता असेही माझे म्हणणे नाही. तो रोग शोधीत होता. पण आपण, ज्यांना रोग ठाऊक झाला आहे, तेही अजून पालक की फुलकोबी एवढेच विचारीत आहोत.

माळ्यावर बाईंचा एक जुना फळा होता. तो खाली काढून मी ओसरीवर टांगला, आणि आता रोज सकाळी चहानंतर बाई त्यावर लिहितात: वार, दिनांक, पट, हजर. वार आणि दिनांक मी कॅलेंडर पाहून सांगतो, परीक्षकाच्या सुरात नव्हे, हाताखालच्या शिपायाच्या सुरात, आणि त्या 'बरं' म्हणून ते असे रेखीव उतरवितात की भूतकाळी क्रियापदे वापरणाऱ्यांना बोलावून दाखवावे. पट २, हजर २. मध्यंतरी मला एका कामासाठी दिवसभर साताऱ्यास जावे लागले, शेजारच्या वहिनी बाईंपाशी बसल्या होत्या. संध्याकाळी परतलो तो फळ्यावर पट २, हजर १ असे होते. वहिनी म्हणाल्या, दुपारी त्यांनी आपणहून खोडून लिहिले.

तो आकडा मला बरेच दिवस टोचत राहिला, कारण त्याला मागची थकबाकी होती. नोकरीच्या छत्तीस वर्षांत मी घरी क्वचितच हजर होतो. जमाबंदी, पीक पाहणी, निवडणूक, टंचाई, आणि घरी असलो तरी डोक्यात उद्याची सुनावणी. पंढरपूर, काशी, नुसते महाबळेश्वर, सारे मी निवृत्तीपर्यंत तहकूब ठेवले होते. आता आम्ही रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर जातो, घरापासून पाच मिनिटे, तेच आमचे सर्व स्थलदर्शन. ढोल्या गणपतीच्या देवळात शिरताच बाई थबकतात आणि त्या प्रचंड मूर्तीकडे पाहून म्हणतात, 'अहो, केवढा मोठा हो!' हे रोज. मी या मूर्तीसमोरून आयुष्यभर सायकलीवर नमस्कार करीत गेलो आहे, आणि तिचे पोट खरोखर केवढे आहे हे बाईंच्या शेजारी उभे राहून पंचाहत्तरी उलटल्यावर पाहिले. नंतर आम्ही पायऱ्यांवर बसतो. पाण्यात पोरे उड्या मारीत असतात, त्यांची बाई बोटाने हजेरी घेतात. एखादे पोर बुडी मारून वर येईपर्यंत त्यांचे बोट हवेत थांबलेले असते, ते डोके पाण्यावर आले की बोट पुढे सरकते.

हे सारे असेच गोड चालले आहे, असा समज होऊ नये. रात्री तीन वाजता बाई उठून कपाटे उपसतात. बांगड्या चोरल्याचा आरोप मदतनीस बाईवर दोनदा आणि माझ्यावर चारदा झाला आहे. स्नानाच्या वेळी कधी ओरबाडतात. एकदा त्या न सांगता बसस्थानकापर्यंत गेल्या होत्या, त्या दोन तासांविषयी मला लिहवत नाही. आणि दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचे प्रकरण असते. गेल्या खेपेस एका बँकेत सही जुळत नाही म्हणून खिडकीवरच्या तरुणाने कागद परत सारला. दाखला हयातीचा आणि सबब सहीची. बाई त्या कागदाच्या कडेला शांतपणे बाराखडी काढीत उभ्या होत्या, क-का-कि-की, एकही वेलांटी न चुकता. अखेर अंगठ्यावर भागले.

आता विनंती. केंद्र शासनाच्याच सहकार्याने झालेल्या पाहणीच्या आधारे देशातील साठीवरच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये यासाठी कृती आराखडा केला. या रुग्णांसाठी काम करणारी देशव्यापी संस्था १९९२ सालीच केरळात उभी राहिली आणि तेथील शासनाने रुग्णांच्या दिवसभराच्या सांभाळाची केंद्रे चालविण्याचा उपक्रमही हाती घेतला. पुण्या-मुंबईत काही सोयी आहेत. वाई, जावळी, पाटणच्या माणसाने काय करावे? मी रुग्णालय मागत नाही. औषधाने हा रोग बरा होत नाही हे मला सांगून झाले आहे. मला तालुक्याला एक खोली हवी आहे, जेथे सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात अशी पाच-पंचवीस माणसे येऊन बसतील, शेंगा सोलतील, भजने म्हणतील, आणि जेथे त्यांना कोणी तारीख विचारणार नाही.

खोली कोठून आणावी, या आपल्या संभाव्य शेऱ्याचे उत्तरही देऊन ठेवतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करावे, हा प्रश्न आपल्या शासनापुढे बरीच वर्षे आहे. त्या शाळा बंद करू नयेत असे माझे मत आहे, पण ते असो. त्या इमारतींत रिकाम्या खोल्या आहेत, फळे आहेत, घंटा आहे, पोषण आहार शिजविणारे स्वयंपाकघर आहे. सात मुलांच्या शेजारच्या वर्गात दहा म्हातारी माणसे बसली, तर पट सतरा होतो. मधल्या सुट्टीत मुले इकडे येतील. त्यांना आजीने तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी चालते, त्या वयाला ती चौथ्यांदाच हवी असते. दोन मदतनीस आणि आशाताईंना चार दिवसांचे शिक्षण, एवढ्या तरतुदीला कोणते लेखाशीर्ष लागू पडते, हे वित्त विभाग आपणास सांगेल. न सांगितल्यास मी येऊन दाखवीन, माझी ती सवय अजून गेलेली नाही. आणि शिक्षणात त्या ताईंना एवढे अवश्य सांगावे, की पिशवी घेऊन दाराशी आलेल्या माणसाला वाट विचारावी.

हा मसुदा काल रात्री मेजावर ठेवून मी निजलो होतो. सकाळी पाहतो तो बाई लाल पेन्सिल घेऊन त्यावर बसलेल्या. मजकूर त्यांच्याविषयी आहे हे त्यांना कळले की नाही, मी विचारले नाही. 'कुटुंब' या शब्दातील टु मी दीर्घ लिहिला होता, त्याभोवती गोल पडला होता, तीन ठिकाणी अनुस्वार दिले होते आणि शेवटी दहापैकी सहा गुण देऊन खाली शेरा होता: 'अक्षर सुधारा. पालकांना भेटण्यास सांगावे.' माझ्या पालकांना जाऊन चाळीस वर्षे झाली, पण मी 'सांगतो' म्हणालो.

कळावे,

आपला,
एक निवृत्त नायब तहसीलदार,
वाई, जिल्हा सातारा

सहपत्र: १ (लाल पेन्सिलीने तपासलेला कच्चा मसुदा)